होडी असलेले मिस्कीन

कोल्हापूरहून निघालेली एसटी फोंडा घाट उतरून खाली आली की खिडकीतून येणारी हवा बदलते. अंगावरची शाल काढावी लागते. शाबानचा दुसरा आठवडा होता. आंब्याला मोहोर आला होता आणि काजूच्या झाडाखाली पोरे पहिली बोंडे हुडकत होती. कसाल सोडून गाडी मालवणच्या रस्त्याला लागली, तेव्हा शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी नेहमीप्रमाणे चौकशी सुरू केली.

"खंयसून इलंस गे बाय?"

मी सांगितले.

"कोणाची तू?"

मी आजोबांचे नाव आणि वाडी सांगितली. बाईंनी मान हलवली. ओळख पटली होती.

"घोव खंय असता?"

या तीन प्रश्नांत कोकणातला माणूस समोरच्याची सगळी कुंडली मांडतो. वाडीवरून जात-जमात कळते, आजोबांच्या नावावरून घराची पत कळते आणि नवरा कुठे असतो यावरून घरात पैसा कुठून येतो ते कळते. मुंबई म्हटले तर एक हिशेब, दुबई-मस्कत म्हटले तर दुसरा, "गावातच असतो" म्हटले तर तिसरा. मी कोल्हापुरातल्या शाळेत शिक्षिका आहे आणि नवराही शिक्षक. बाईंनी आम्हाला कुठल्यातरी मधल्या पायरीवर बसवले असावे. मग त्या वाटाणे खाऊ लागल्या.

मला हसू आले, कारण मी त्याच कामासाठी गावी चालले होते. रमजानच्या आधी आमच्या जमातीची जकातीची यादी तयार होते. मामू गेली काही वर्षे ती वही सांभाळतात. डोळे अधू झाल्यामुळे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कोण देणारा, कोण घेणारा आणि कोण या दोन्हींच्या मध्ये, हे ठरवायचे. म्हणजे त्या बाईंनी तीन प्रश्नांत उरकले, तेच काम.

कागदावरच्या पायऱ्या

माणसाची पायरी ठरवण्याचे काम मी पूर्वी पैसे घेऊनही केले आहे. १९९० च्या दशकात मुंबईत कॉलेजात असताना सुट्टीत बाजार-पाहणीचे फॉर्म भरायला दारोदार जायचे. साबण, चहा, पावडर विकणाऱ्या कंपन्यांना कुठले घर कुठल्या वर्गातले हे हवे असे. त्यासाठी एक तक्ता असायचा. घरातल्या मुख्य कमावत्याचे शिक्षण आडवे, त्याचा व्यवसाय उभा. दोन्ही रेषा जिथे मिळतील तो त्या घराचा वर्ग. ए-१ पासून ई-२ पर्यंत आठ वर्ग. हे शहरासाठी. खेड्यासाठी वेगळा तक्ता होता, आर-१ ते आर-४. त्यात व्यवसायाऐवजी घराचा प्रकार बघायचा : पक्के, अर्धे पक्के की कच्चे.

२०११ मध्ये हे दोन्ही तक्ते मोडून शहर-खेड्यासाठी एकच केला गेला. शिक्षण राहिले, व्यवसायाच्या जागी घरातल्या अकरा गोष्टी आल्या. वीजजोडणी, पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, मोटार, एसी आणि शेतजमीन. यातल्या किती आहेत ते मोजा, कमावत्याचे शिक्षण बघा, आणि ए-१ ते ई-३ अशा बारा पायऱ्यांपैकी एकीवर त्या घराला बसवा.

हा तक्ता कंपन्यांच्या कामाचा आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. कोण काय विकत घेईल एवढेच त्यांना पाहायचे असते. पण तो घेऊन आमच्या किनाऱ्यावर या. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात साक्षरता ८५ टक्क्यांहून अधिक होती, म्हणजे शिक्षणाच्या रकान्यात बहुतेक घरे बऱ्या जागी बसतात. वीज, पंखा, गॅस, टीव्ही आहेच. शेतजमीन? सातबारावर नाव आहे. पण त्या सातबारावर आजोबांच्या भावांच्या नातवंडांपर्यंत तीस-पस्तीस नावे आहेत. निम्मे मुंबईत, काही आखातात, काहींचा पत्ता नाही. ती जमीन विकता येत नाही आणि तिच्यावर कर्ज काढतानाही सगळ्यांच्या सह्या लागतात. मोजताना मात्र ती पूर्ण एक वस्तू म्हणून मोजली जाते.

घराचेही तसेच. इथली जमीनच जांभ्याची. गरिबाचे घरही चिऱ्याचे असते, कारण चिरा इथल्याच खाणीत निघतो. वर मंगलोरी कौले. घाटावरून आलेला माणूस बघतो आणि म्हणतो, वा, पक्के घर! आत पावसाळ्यात किती ठिकाणी भांडी ठेवावी लागतात, ते त्याला दिसत नाही.

पिवळे, केशरी, पांढरे

सरकारचे तक्ते वेगळे. रेशन कार्डाचे तीन रंग सर्वांना ठाऊक आहेत. महाराष्ट्रात ही तिरंगी पद्धत १ मे १९९९ पासून आली. वर्षाचे उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळे, १५ हजार ते १ लाख असेल तर केशरी, त्यावर पांढरे. घरात कोणाच्या नावावर चारचाकी असली तरी पांढरे. टॅक्सी चालवणाऱ्याला तेवढी सूट. पुढे अन्न सुरक्षा कायदा आला, तेव्हा खेड्यातल्या लाभार्थी कुटुंबासाठी ४४ हजार आणि शहरातल्यासाठी ५९ हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा धरली गेली.

मासेमारी करणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न म्हणजे काय, हे त्यालाच सांगता येत नाही. ऑगस्टमध्ये समुद्र उघडतो तेव्हा एखाद्या दिवशी हातात नोटांची गड्डी येते. मग आठ दिवस जाळे रिकामे. जून-जुलैत तर बंदीच. होडी झापाखाली आणि माणूस घरात. ऑक्टोबरमध्ये पाहणी केली तर तो सुखवस्तू ठरेल, जुलैमध्ये केली तर कंगाल. माणूस तोच.

सगळ्यात मोठी पाहणी २०११ ची, सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय जनगणना. तिच्यात गरीब शोधण्याआधी कोण गरीब नाही ते ठरवले होते. एक यादी होती. त्यातली एकही गोष्ट घरात असली की ते कुटुंब आपोआप बाद. चारचाकी, दुचाकी, फ्रिज, लँडलाइन फोन, पक्क्या भिंती-छपराच्या तीन किंवा अधिक खोल्या, महिना १० हजारांपेक्षा जास्त कमावणारा माणूस, ५० हजार किंवा त्याहून मोठ्या मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड. कार्डावरचे कर्ज हीसुद्धा श्रीमंतीची खूण! आणि या यादीच्या अगदी पहिल्या ओळीत, मोटार आणि दुचाकीच्या जोडीला, नोंदणी लागणारी यांत्रिक मासेमारी होडी.

घरकुलासारख्या योजनेची दारे याच चाळणीतून उघडत किंवा बंद होत. किनाऱ्यावर त्याचा अर्थ सरळ होता : होडी असेल, तर घर मागू नका.

माझी चूक

हे सगळे मी सरकारवर टीका करण्यासाठी लिहीत नाही. कारण हीच चूक गेल्या वर्षी माझ्या हातून झाली, आणि माझ्याकडे तर कुठलाही छापील फॉर्म नव्हता.

गेल्या शाबानमध्ये वही घेऊन बसलो होतो. एका घराचे नाव आले. आमच्याच वाडीतले, समुद्राकडच्या शेवटच्या रांगेतले. घरधनी आमचे लांबचे चाचा. मामू म्हणाले, "ह्यांचा जरा बघूक होया." मी म्हटले, "मामू, त्यांच्या दारात होडी आहे. आत फ्रिज आहे. घर चार खोल्यांचे. आपल्याकडे याहून गरजू घरे आहेत." मामू गप्प राहिले. वहीत मी त्या नावावर रेघ मारली. यादी वेळेत पूर्ण झाली म्हणून मला समाधानही वाटले.

या वर्षी गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मैत्रिणी सहलीला आल्या होत्या, म्हणून त्यांना भेटायला तारकर्लीला गेले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून तारकर्ली-देवबागचा तो चिंचोळा पट्टा, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, घरगुती निवासांनी भरून गेला आहे. अशाच एका ठिकाणी आम्ही बसलो होतो. चहा घेऊन एक मुलगी आली. ओढणी डोक्यावर नीट घेतलेली. तिने माझ्याकडे पाहिले आणि ट्रेमधले कप हलले.

"सलाम आलेकुम, आपा."

ती चाचांची मुलगी होती. बारावीला सायन्स घेऊन चांगल्या गुणांनी पास झाली होती. नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे हे मी उन्हाळ्यात ऐकले होते. मी विचारले, "तू इथे? कॉलेज?"

"यंदा नाय गेलंय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बघूया." आणि चादरी बदलायला वरच्या खोलीत निघून गेली.

माझ्या मैत्रिणी समुद्राचे फोटो काढत होत्या. मला चहा गोड लागला नाही.

होडीचा हिशेब

संध्याकाळी मी चाचांच्या घरी गेले. चाचा बंदरावर लिलावाला गेले होते. चाची सुके बांगडे निवडत बसल्या होत्या. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. मीच एकेक विचारत गेले.

होडी आहे, पण ती ज्या पैशांवर उभी आहे त्यातला मोठा भाग व्यापाऱ्याची आगाऊ उचल आहे. उचल घेतली की मासळी त्यालाच घालायची, तो देईल त्या भावात. लिलावात दुसरा जास्त बोलला तरी उपयोग नाही. आलेल्या पैशांतून आधी डिझेल, बर्फ आणि खलाशांचे जेवण वजा होते. उरलेल्याचे वाटे पडतात : होडीचा, जाळ्यांचा, तांडेलाचा आणि प्रत्येक खलाशाचा. कोणाला किती, हे होडीगणिक वेगळे असते. मालक म्हणून चाचांना होडीचा आणि जाळ्याचा वाटा मिळतो हे खरे. पण जाळे फाटले, इंजिन बसले, तर तो खर्चही त्याच वाट्यातून. खलाशाला काही मिळाले नाही तर तो दुसऱ्या होडीवर जातो. मालकाला जाता येत नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये इंजिन बसले. समोर बंदी होती, त्यामुळे नवी उचल मिळेना. चाचींच्या बांगड्या गहाण पडल्या. जूनमध्ये कॉलेजची फी भरायची वेळ आली, तेव्हा घरात गहाण टाकण्यासारखे काही उरले नव्हते. आणि फ्रिज? तो मुंबईच्या भावाने जुना झाला म्हणून पाठवलेला. त्यात चाची विकायची मासळी ठेवतात.

"आमच्याकडे सांगितले का नाही?" मी विचारले.

चाची बांगडे निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "होडी असलेल्यान जकात मागूची? लोक काय म्हणतीत?"

कुरआनात सूरह बकरामध्ये अशाच लोकांचा उल्लेख आहे, हे मला तेव्हा आठवले. जे हात पसरत नाहीत आणि ज्यांच्या अब्रूदारपणामुळे न जाणणारा माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. न जाणणारी मीच होते.

किताबात काय आहे

रात्री मामूंना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. "घर बघून पोट कळणा नाय, बाय," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी फजरनंतर आम्ही इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी जे समजावले ते वाचकांपुढे ठेवते, कारण यादी करणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी आहे.

जकात कोणाला द्यायची याचे आठ प्रकार सूरह तौबामध्ये आहेत. त्यात पहिले दोन फकीर आणि मिस्कीन. दोन शब्द वेगळे का? कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत. शाफई आलिमांनी फरक असा सांगितला : माणसाची गरज दहाची धरली आणि त्याच्याकडे त्याच्या निम्मेही येत नसेल, तर तो फकीर. सात-आठ येतात पण दहा पुरे होत नाहीत, तो मिस्कीन. दोघेही हकदार. मिस्कीनकडे काही असू शकते यासाठी ते सूरह कहफचा दाखला देतात. हजरत मूसा आणि हजरत खिज्र यांच्या प्रवासातली ती होडी. खिज्र यांनी तिला खोट पाडली, आणि नंतर कारण सांगितले की ती समुद्रात मेहनत करणाऱ्या मिस्कीनांची होती आणि पुढे एक राजा प्रत्येक चांगली होडी जबरदस्तीने घेत होता.

इमामसाहेब थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "होडी त्यांची होती. तरी अल्लाहने त्यांना मिस्कीन म्हटले."

मी ही सूरह किती जुम्यांना वाचली असेल! आणि समुद्रकाठी जन्मून मला ती ओळ दिसली नव्हती.

इमाम नववींच्या 'मिन्हाज'मध्येही स्पष्ट आहे की राहते घर आणि अंगावरचे कपडे असल्याने कोणी गरिबांतून बाद होत नाही. हनफी मसलकात मोजणी निसाबाने होते, पण तिथेही राहते घर आणि रोजीची हत्यारे निसाबात धरत नाहीत. सुताराचा रंधा, शिंप्याची मशीन, तशी मासेमाराची होडी आणि जाळे.

निसाबाचाही एक पेच आहे. सोन्याने मोजले तर साडेसात तोळे, चांदीने मोजले तर साडेबावन्न तोळे. ज्या काळात हे माप ठरले तेव्हा दोन्हींची किंमत जवळपास सारखी होती. आज ती कितीतरी पटींनी दूर गेली आहे. चांदीची रेघ धरली तर आमच्या वाडीतली पुष्कळ घरे देणाऱ्यांत येतात, सोन्याची धरली तर मोजकीच. म्हणून कुठली रेघ धरायची ते आपल्या आलिमांना विचारून आधी ठरवावे. घर बघून रेघ बदलू नये.

वहीतला नवा रकाना

सरकारनेही आपला तक्ता बदलला आहे, हे इथे सांगितले पाहिजे. २०२४ मध्ये ग्रामीण घरकुल योजनेच्या अटी सैल केल्या, तेव्हा बाद करणाऱ्या यादीतून दुचाकी आणि मासेमारीची होडी काढली गेली. उत्पन्नाची मर्यादाही महिना १० हजारांवरून १५ हजार झाली. पूर्वी ज्यांना होडीमुळे नकार मिळाला, त्यांनी आपल्या ग्रामपंचायतीत पुन्हा चौकशी करावी. आमच्या वाडीत गाबीत शेजाऱ्यांच्या तीन घरांना आणि आमच्या दोन घरांना मामूंनी स्वतः जाऊन हे सांगितले.

आणि आमची वही? आम्ही जुन्या यादीतली वस्तूंची खूण काढून टाकली. आता प्रत्येक नावापुढे तीनच गोष्टी लिहितो. घराला महिन्याला किती लागतात. बंदीचे महिने धरून, वर्षाच्या सरासरीने, हातात किती पडतात. आणि कर्ज कोणाचे व किती. यासाठी घरी जाऊन बसावे लागते. दारातून बघून भागत नाही. बायकांची माहिती बायकांनीच घ्यावी, कारण बांगड्या गहाण आहेत हे चाची मामूंना कधीच सांगणार नाहीत. आणि वही कुलपात राहावी. मशिदीच्या फळ्यावर नाव लागले तर पुढच्या वर्षी कोणी खरे बोलणार नाही.

या पद्धतीने बघितले तेव्हा दोन नावे नव्याने आत आली. एक नाव बाहेरही गेले. दरवर्षी घेणाऱ्या त्या घरात दोन मुले कमावती झाली आहेत. त्यांनी स्वतःच सांगितले की आता आमच्या जागी दुसऱ्याला द्या. दुबईवाल्यांचे एक मोठे बंद घर आम्ही देणाऱ्यांत धरत होतो. त्याची चौकशी केली तेव्हा कळले की नोकरी जाऊन सहा महिने झाले आणि घरचे आता मुंबईत भाड्याने राहतात. त्यांना आम्ही फक्त फोन केला. काही मागितले नाही.

चाचांचे नाव मी माझ्या हाताने लिहिले. ज्या पानावर गेल्या वर्षी रेघ मारली होती, त्याच्या समोरच्या पानावर. त्यांच्या दहाच्या गरजेत सहा-सात पडतात. किताबाप्रमाणे मिस्कीन.

पैसे मामूंनी नेऊन दिले, मगरिबनंतर, अंधार पडल्यावर. चाचांनी आधी नाही म्हटले. मामूंनी त्यांना ती सूरह कहफमधली होडी सांगितली. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांची होडी भोकाची होती म्हणून वाचली. माझी चांगली दिसता, म्हणून मी अडकलंय."

मुलीचा अर्ज यंदा पुन्हा भरायचा आहे. तिची कागदपत्रे मी बरोबर घेऊन कोल्हापूरला आले. प्रवेश मिळाला तर ती आमच्याच घरी राहील. वर्ष तिचे गेले ते गेलेच. ते माझ्या हिशेबात आहे आणि तिथेच राहील.

रमजान जवळ आला आहे. तुमच्याही गावात अशी वही निघेल. नावावर रेघ मारण्याआधी त्या घरी एकदा चहाला जा.